बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक ते दिव्यांगांचे सोबती : लिओनार्ड चेशायर



९ ऑगस्ट म्हटलं की आपल्या शाळेत क्रांती दिन असतो. याच तारखेला १९४५ साली जपानच्या नागासाकी शहरावर अणुबॉम्ब पडला, हेही आपण परिपाठात सांगतो. पुढे ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन येतो. या दोन दिवसांचा एकमेकांशी काय संबंध, असं विचारलं तर आपण पटकन म्हणू, काहीच नाही. पण एका माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही विषय आले. नागासाकीचा स्फोट त्याने आकाशातून पाहिला, आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं त्याने दिव्यांग आणि असाध्य आजारी माणसांसाठी घरं उभी केली. त्यातलं एक घर आपल्या मुंबईत, अंधेरीला आहे. त्या माणसाचं नाव लिओनार्ड चेशायर.

त्यांची गोष्ट बऱ्याचदा अशी सांगितली जाते की, एक शूर वैमानिक होता, त्याने अणुबॉम्बचा संहार पाहिला, त्याला पश्चात्ताप झाला आणि तो सेवेला लागला. ऐकायला छान वाटतं. मुलांनाही आवडतं. पण खरी गोष्ट तशी घडलेली नाही. खरी गोष्ट जरा वेडीवाकडी आहे, आणि मला वाटतं ती मुलांच्या जास्त उपयोगाची आहे. म्हणून हा लेख.

बालपण आणि शिक्षण

लिओनार्ड यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टर या गावी झाला. वडील कायद्याचे नावाजलेले प्राध्यापक. त्यामुळे मुलानेही ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मर्टन कॉलेजात कायद्याला प्रवेश घेतला. पण मुलगा अभ्यासू कमी आणि हौशी जास्त. वेगवान गाड्यांचं वेड, पैजा लावायची सवय. खिशात चार पैसे घेऊन पॅरिसपर्यंत जाऊन दाखवतो, अशी पैज त्याने अर्धा ग्लास बिअरवर लावली आणि जिंकलीसुद्धा!

१९३६ साली तो जर्मनीत पॉट्सडॅमला एका जर्मन कुटुंबात राहायला गेला होता. तो हिटलरचा काळ. एका सभेत सगळी गर्दी हात पुढे करून नाझी सलाम ठोकत होती, तेव्हा या पोराने हात वर केला नाही. पुढे ज्या देशावर त्याला बॉम्ब टाकावे लागले, त्या देशातल्या घरात तो पाहुणा म्हणून राहिलेला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थ्यांसाठी हवाई दलाचं एक पथक होतं, आपल्याकडे एन.सी.सी. असते तसं समजा. तिथे तो विमान चालवायला शिकला. १९३९ मध्ये पदवी हातात आली आणि त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं.

पहिलं विमान : व्हिटली

जून १९४० मध्ये चेशायर यॉर्कशायरमधल्या १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. त्यांच्या वाट्याला व्हिटली हे बॉम्बफेकी विमान आलं. दोन इंजिनांचं, संथ, पाच जणांनी मिळून चालवायचं. एक माणूस विमान चालवणार, एक दिशा बघणार, एक वायरलेस सांभाळणार, अशी कामाची वाटणी. हे मुलांना मुद्दाम सांगावं, कारण सिनेमात आपल्याला एकटा वैमानिकच दिसतो.

नोव्हेंबर १९४० मधली एक रात्र. कोलोनच्या आसपास हल्ला करायला गेलेल्या त्यांच्या विमानाजवळ तोफेचा गोळा फुटला. विमानाच्या अंगाला माणूस सहज बाहेर पडेल एवढं भगदाड पडलं आणि आत आग लागली. वायरलेस सांभाळणारा तरुण वाईट भाजला. साथीदारांनी आग विझवली, आणि चेशायर यांनी ते फाटकं विमान वाऱ्याशी झगडत इंग्लंडला परत आणलं. एकूण साडेआठ तास ते हवेत होते. त्या भाजलेल्या तरुणाने तशाही अवस्थेत आपला संच चालू करायची धडपड सोडली नव्हती. या कामगिरीबद्दल चेशायर यांना मोठं पदक मिळालं. वय होतं अवघं २३.

हॅलिफॅक्स आणि चोवीस वर्षांचा प्रमुख

१९४१ मध्ये ते हॅलिफॅक्स या चार इंजिनांच्या मोठ्या विमानावर आले. याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ, तोही बॉम्बफेकी वैमानिकच, जर्मनीवरच्या हल्ल्यात पाडला गेला आणि युद्धकैदी झाला.

ऑगस्ट १९४२ मध्ये चेशायर ७६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. विचार करा, आपल्याकडे या वयात मुलं नोकरीच्या जाहिराती बघत असतात. त्या काळात हॅलिफॅक्स विमानं मोठ्या संख्येने पडत होती. चेशायर यांनी कारण शोधायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की विमान स्वतःच्याच वजनाने दमतंय. नाकावरचा आणि पाठीवरचा बंदुकीचा घुमट, इंजिनाच्या धुराड्यांवरची झाकणं, या सगळ्यांनी विमान जड होत होतं आणि हवा अडत होती. वरून पाहिलं तर बंदुका म्हणजे संरक्षण. पण त्यांच्यामुळेच विमान हळू आणि खाली उडत होतं. चेशायर यांनी त्या वस्तू काढून टाकायला लावल्या. विमानं हलकी झाली, उंच गेली, जास्त चपळ झाली.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे माणसं ओळखणं. ते फक्त वैमानिकांत रमत नसत. विमान पुसणारे, इंजिन दुरुस्त करणारे, बॉम्ब चढवणारे, या सगळ्यांना ते नावाने हाक मारत. नवख्या वैमानिकाला भीती वाटत असेल तर त्याच्या पहिल्या फेरीला ते स्वतः शेजारी बसून जात. ज्याला भीती वाटते पण तरी प्रयत्न करतो, त्याच्याविषयी त्यांना माया होती. मात्र भीतीने पूर्ण खचलेल्या माणसाला ते ताबडतोब दुसरीकडे पाठवून देत, कारण त्याची भीती बाकीच्यांना लागेल असं त्यांचं मत होतं. हा कठोरपणाही त्यांच्यात होता, तो लपवायचं कारण नाही.

ही भीती किती खरी होती ते आकड्यांतून कळेल. ब्रिटनच्या बॉम्बफेकी विभागात युद्धकाळात सुमारे १,२५,००० वैमानिक आणि विमानातले साथीदार होते. त्यातले ५५,५७३ मारले गेले. सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण करून बघा. उत्तर साधारण ४४ टक्के येतं. म्हणजे ५० मुलांचा वर्ग असेल तर २२ बाकांवर पुन्हा कुणीच बसणार नाही. एका वैमानिकाने साधारण ३० फेऱ्या केल्या की त्याला विश्रांती मिळायची. पण त्या ३० पूर्ण होण्याआधीच बरेच जण जायचे.

आणि खाली जमिनीवर काय होत होतं? तेही मुलांना सांगायला हवं. सुरुवातीच्या काळात रात्रीच्या अंधारात बॉम्ब कुठे पडतोय हेच नीट कळत नसे. १९४१ मध्ये ब्रिटननेच विमानातून काढलेल्या फोटोंची तपासणी केली. ज्या वैमानिकांनी लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी फक्त एकतृतीयांश विमानं लक्ष्याच्या ५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या आत पोहोचली होती. पुढे तर अख्खी शहरंच लक्ष्य केली गेली. जर्मनीत अशा हल्ल्यांत काही लाख सामान्य माणसं मेली. चेशायर या यंत्रणेचाच भाग होते.

लिमोजची रात्र

एप्रिल १९४३ मध्ये त्यांना ग्रुप कॅप्टन हा मोठा हुद्दा मिळाला. २५ व्या वर्षी हा हुद्दा मिळवणारे ते हवाई दलातले सर्वांत तरुण अधिकारी. पण त्यासोबत टेबलाचं काम आलं, एका प्रशिक्षण तळाची जबाबदारी. दुसरा कुणी खूश झाला असता. चेशायर यांनी मात्र स्वतःहून एक पायरी खालचा हुद्दा घेतला आणि पुन्हा उड्डाणाला गेले. १९४३ च्या अखेरीस ते ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. जर्मनीतली धरणं फोडल्यामुळे गाजलेलं पथक ते हेच. त्यांच्याकडे लँकेस्टर विमानं होती. चार इंजिनं, सात माणसं. युद्धकाळात अशी सात हजारांहून जास्त विमानं बांधली गेली.

इथे चेशायर यांनी एक प्रश्न मनावर घेतला. बॉम्ब नेमका लक्ष्यावरच कसा पडेल? उंचावरून नीट दिसत नाही. मग एकाने अगदी खाली जाऊन लक्ष्यावर रंगीत प्रकाशाची खूण टाकायची, आणि बाकीच्यांनी वरून त्या खुणेवर नेम धरायचा. कल्पना सोपी आहे. पण खाली जाणाऱ्यावर प्रत्येक तोफ रोखलेली असणार. ते काम चेशायर यांनी स्वतःकडे घेतलं.

फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोज गावातला विमान इंजिनांचा कारखाना उडवायचा होता. फ्रान्स तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता, पण कारखान्यात रात्रपाळीला काम करणारी माणसं फ्रेंच होती आणि त्यात बऱ्याच स्त्रिया होत्या. चेशायर यांनी आपलं अजस्र लँकेस्टर कारखान्याच्या छपरांवरून, अगदी कमी उंचीवरून, घरघरत नेलं. बॉम्ब टाकला नाही. वळून पुन्हा नेलं. पुन्हा टाकला नाही. असं तीन वेळा केलं. आतल्या कामगारांना इशारा कळला आणि त्या बाहेर धावल्या. मग चेशायर यांनी खूण टाकली आणि वरच्या विमानांनी कारखाना उडवला.

पालकहो, ही तीन फेऱ्यांची गोष्ट मुलांना नक्की सांगा. प्रत्येक फेरीगणिक त्यांचा स्वतःचा आणि विमानातल्या साथीदारांचा जीव जास्त धोक्यात येत होता. शत्रूला आधीच कळलं असतं तर मोहीम फसली असती. तरीही त्यांनी तो वेळ दिला. युद्धात राहूनसुद्धा खाली कोण आहे याचा विचार करता येतो, एवढं यातून मुलांना समजतं.

लाकडी विमान आणि चांदीच्या पट्ट्या

लँकेस्टर खाली फिरवायला फार मोठं पडतं म्हणून त्यांनी पुढे मॉस्किटो हे विमान मागून घेतलं. मॉस्किटो बहुतांशी लाकडाचं होतं! प्लायवूड आणि बाल्सा हे हलकं लाकूड वापरून बनवलेलं, दोन माणसांचं, अतिशय वेगवान. एप्रिल १९४४ मध्ये म्युनिक शहरावर प्रकाशझोत आणि तोफांच्या माऱ्यात कमी उंचीवर फिरून त्यांनी खुणा टाकल्या. त्यानंतर मस्टँग हे एकाच माणसाचं छोटं अमेरिकन विमान आलं. ते त्यांनी आधी कधी चालवलेलं नव्हतं. पहिलं उड्डाण केलं ते थेट मोहिमेवरच.

जून १९४४ मधली एक मोहीम मुलांना फार आवडेल. मित्रराष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होतं. जर्मनांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं होतं. त्या रात्री ६१७ स्क्वाड्रनच्या विमानांनी समुद्रावर ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या अंतराने, लांबट गोल घिरट्या घालत चांदीसारख्या धातूच्या पातळ पट्ट्या टाकल्या. प्रत्येक घिरटी आधीच्यापेक्षा थोडी पुढे. जर्मन रडारवर ते जहाजांच्या तांड्यासारखं दिसलं, जणू मोठं आरमार हळूहळू किनाऱ्याकडे येतंय. त्या मोहिमेत त्यांनी एकही बॉम्ब टाकला नाही. लागलं ते घड्याळ आणि गणित.

जुलै १९४४ मध्ये चेशायर यांच्या १०० मोहिमा पूर्ण झाल्या आणि वरिष्ठांनी त्यांना लढाईवरून बाजूला काढलं. सप्टेंबरमध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. हे पदक सहसा एखाद्या विशिष्ट प्रसंगातल्या पराक्रमाला मिळतं. चेशायर यांना ते चार वर्षं सातत्याने दाखवलेल्या धैर्याबद्दल मिळालं. रोज उठून तेच अवघड काम पुन्हा करणं, याचा तो गौरव होता.

नागासाकीचं आकाश

१९४५ मध्ये ब्रिटनने अणुबॉम्बचा वापर पाहायला दोन निरीक्षक पाठवले. एक विल्यम पेनी नावाचे शास्त्रज्ञ आणि दुसरे चेशायर. ९ ऑगस्टला ते एका अमेरिकन बी-२९ विमानात प्रवासी म्हणून होते. बॉम्ब नेणाऱ्या विमानाशी ठरलेल्या जागी त्यांची भेट चुकली, त्यामुळे स्फोट झाला तेव्हा ते नागासाकीपासून बरेच दूर होते. दुरूनच त्यांनी तो प्रकाश आणि वर चढत जाणारा ढग पाहिला. त्या शहरात वर्षअखेरपर्यंत सुमारे ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे.

आता इथे आपण गोष्ट सांगताना थांबायचं. कारण याच जागी पश्चात्ताप झाला असं सांगायचा मोह होतो. चेशायर यांनी अणुबॉम्बच्या वापराला पुढे आयुष्यभर चूक म्हटलं नाही. त्या बॉम्बमुळे महायुद्ध थांबलं, ते लांबलं असतं तर याहून जास्त माणसं मेली असती, असं त्यांचं मत शेवटपर्यंत राहिलं. हे मत अनेकांना पटत नाही. आपल्यालाही पटायलाच पाहिजे असं नाही. पण ते त्यांचं मत होतं. नागासाकीनंतर त्यांच्या मनात आलेला प्रश्न वेगळा होता. एवढा जीव ओतून आपण युद्ध लढलो, मग शांततेसाठी तेवढाच जीव ओतायला नको का?

रिकामं घर आणि एक आजारी माणूस

प्रश्न मोठा होता, पण उत्तर लगेच सापडलं नाही. १९४६ च्या सुरुवातीला ते हवाई दलातून बाहेर पडले. युद्धावरून परतलेल्या, घर नसलेल्या सैनिकांसाठी त्यांनी एक वसाहत काढली. सगळ्यांनी एकत्र राहावं, शेती करावी, मिळून कमवावं अशी कल्पना. नंतर हॅम्पशायरमध्ये ल कोर्ट नावाचा नातेवाइकांचा एक मोठा वाडा घेतला. पण हिशेब जमेना, भांडणं झाली, कर्ज वाढलं. चेशायर यांची तब्येत ढासळली आणि उपचारासाठी ते काही काळ कॅनडाला गेले. परत आले तेव्हा वसाहत मोडलेली होती. देशाचा नामवंत वीर, वय तिशीचं, पहिलं लग्नही टिकलेलं नाही, आणि हातात कर्जाचा बोजा असलेला एक रिकामा वाडा. शंभर मोहिमा यशस्वी करणाऱ्या माणसाला शांततेच्या काळात मोठं अपयश आलं होतं.

१९४८ मध्ये आर्थर डाइक्स नावाचे गृहस्थ आजारी होते. ते आधी चेशायर यांच्या वसाहतीत राहिलेले. बरं होईपर्यंत एखादी चाकांची गाडी उभी करून राहायला थोडी जागा द्याल का, असं त्यांनी चेशायर यांना विचारलं. चेशायर यांनी चौकशी केली तेव्हा दवाखान्याकडून कळलं की त्यांना कॅन्सर आहे आणि ते वाचणार नाहीत. हे डाइक्स यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना ठेवून घेणारी दुसरी जागाही नव्हती. चेशायर यांनी त्यांना खरं काय ते सांगितलं आणि ल कोर्टला घेऊन आले.

घरात पैसा नाही, नर्स नाही. मग सगळं चेशायर यांनीच केलं. अंथरूण बदलणं, अंग पुसणं, भांडं देणं, जेवण करणं, रात्री उठून बघणं. हे काम त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. करत करत शिकले. आणखी एक वृद्ध आजी आल्या. मग तिसरा माणूस आला. ऑगस्ट १९४८ मध्ये डाइक्स यांचं निधन झालं, पण तोवर घर भरू लागलं होतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली होती. तरीसुद्धा ज्यांचा आजार बरा होणार नाही, पण ज्यांना अजून अनेक वर्षं जगायचं आहे, अशा तरुण अपंग माणसांना कुठेच धड जागा नव्हती. दवाखाना म्हणे आमच्याकडे इलाज नाही, आणि घरचे म्हणत आमच्याने होत नाही. ल कोर्टचं दार अशांसाठी उघडं राहिलं.

म्हणजे बघा, चेशायर यांचं आयुष्य बदलायला तीन वर्षं लागली, आणि ते बदललं एका माणसाने. काय करायचं ते एका आजाऱ्याची चादर बदलताना ठरलं.

१९४८ च्या नाताळात त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. १९५२ मध्ये त्यांना क्षयरोग झाला. दोन वर्षांहून जास्त काळ दवाखान्यात, अनेक शस्त्रक्रिया. पण याच काळात त्यांनी अंथरुणावरून पत्रं लिहून नव्या घरांचं काम चालू ठेवलं. परावलंबी असणं म्हणजे काय, हे आता त्यांना स्वतःच्या अंगावर कळलं होतं.

अंधेरी, मुंबई

बरे झाल्यावर १९५५ मध्ये ते भारतात आले. मुंबईत अंधेरी पूर्वेला, महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर, चेशायर होम सुरू झालं. ब्रिटनबाहेरचं हे त्यांचं पहिलं घर. आज तिथे मेट्रो आणि कंपन्यांची गर्दी आहे, तेव्हा झाडी होती. भारतात पुढे अनेक शहरांत अशी घरं झाली.

त्यांचं दुसरं लग्नही मुंबईतच झालं, ५ एप्रिल १९५९ रोजी. पत्नी स्यू रायडर या स्वतः मोठ्या समाजसेविका. महायुद्धात त्यांनी ब्रिटनच्या गुप्त मोहिमांच्या विभागात पोलंडच्या स्वयंसेवकांसोबत काम केलं होतं, आणि नंतर छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांसाठी संस्था काढली होती. दोघांनी मिळून त्याच वर्षी डेहराडूनला राफाएल हे केंद्र सुरू केलं. कुष्ठरोगी, बौद्धिक अक्षमता असलेली मुलं आणि क्षयरोगी यांच्यासाठी. वैमानिक म्हणून गाजलेला माणूस आता कुष्ठरुग्णांच्या वस्तीत फिरत होता, आणि तिथेही माणसांना नावाने हाक मारण्याची सवय सुटली नव्हती.

घरातल्यांनीच विचारलेला प्रश्न

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अर्धवट राहील. ल कोर्टमध्ये राहणारे दिव्यांग तरुण हळूहळू प्रश्न विचारू लागले. आम्ही कधी झोपायचं, कुणाला भेटायचं, कारभार कसा चालवायचा, हे आमच्या वतीने दुसऱ्यांनी का ठरवायचं? त्यांच्यातले पॉल हंट हे तिथे १९५६ पासून राहत होते. त्यांनी १९६६ मध्ये दिव्यांग व्यक्तींनी स्वतः लिहिलेल्या लेखांचं पुस्तक संपादित केलं, आणि १९७२ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांसाठी चळवळ उभी करायला पुढाकार घेतला. त्यांचं म्हणणं असं की अपंगत्वामुळे होतो त्यापेक्षा जास्त त्रास समाजाच्या अडथळ्यांमुळे होतो. आम्हाला वेगळ्या घरात ठेवू नका, आम्हाला आमच्या घरात, आमच्या मर्जीने जगता येईल अशी व्यवस्था करा.

ही टीका चेशायर यांच्याच घरातून निघाली. पण मला तर यात त्या घराचं यशही दिसतं. दवाखान्याच्या कोपऱ्यात मरणाची वाट बघत पडलेल्या माणसाला प्रश्न विचारायची सोय नसते. आधी छप्पर मिळालं, माणसं एकत्र आली, मग आवाज आला. पुढे त्या संस्थेचं कामही बदलत गेलं आणि दिव्यांग व्यक्तींनी स्वावलंबी जगावं यासाठी मदत करण्याकडे वळलं.

चेशायर यांना १९८१ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट आणि १९९१ मध्ये लॉर्ड ही पदवी मिळाली. आयुष्याच्या शेवटी त्यांना मोटर न्यूरॉनचा आजार झाला. यात हळूहळू सगळे स्नायू निकामी होतात. ज्यांची सेवा केली त्यांच्यासारखंच परावलंबी होऊन ३१ जुलै १९९२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. तेव्हा सुमारे ५० देशांत त्यांची २५० हून जास्त घरं होती. योगायोग असा, की ३ डिसेंबर हा दिव्यांग दिन म्हणून पाळायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं ते याच वर्षी.

वर्गात सांगताना

तिसरी-चौथीच्या मुलांना लिमोजच्या तीन फेऱ्या आणि डाइक्स यांची सेवा, एवढे दोन प्रसंग पुरे. सहावी ते आठवीच्या मुलांना युद्धाचा भागही सांगावा आणि आकडेही द्यावेत. मग हे प्रश्न विचारता येतील :

१. विमानावरच्या बंदुका काढल्यावर विमान जास्त सुरक्षित कसं झालं?
२. लिमोजला चेशायर लगेच बॉम्ब का टाकत नव्हते? तुम्ही असता तर काय केलं असतं?
३. एखादा माणूस शूर आणि दयाळू असूनही त्याचं एखादं मत आपल्याला पटत नाही, असं होऊ शकतं का?
४. पॉल हंट यांची मागणी योग्य होती का? का?

तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडतील. अडू द्या. पाठ्यपुस्तकातली थोर माणसं आपण इतकी गुळगुळीत करून सांगतो की मुलांना वाटतं, ही माणसं वेगळ्याच मातीची होती. चेशायर पैजा लावणारे होते, कठोर होते, धंद्यात बुडाले होते, आणि रात्री उठून अनोळखी माणसाचं भांडंही बदलत होते. हे सगळं एकाच माणसात असतं, हे मुलांना लहानपणीच कळलेलं बरं.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं नमूद आहेत. त्यातली काही डोळ्यांना दिसतच नाहीत. आपल्या पटावर असं एखादं लेकरू असतंच. ३ डिसेंबरला आपण रॅली काढतो, भाषणं होतात, त्या मुलाला फूल देऊन फोटोही काढतो. यंदा कार्यक्रम ठरवण्याआधी त्याच्या शेजारी बसून त्यालाच विचारूया, बाळा, शाळेत तुला नेमकं कुठे अडतं? उत्तर कदाचित रॅम्पबद्दल असेल, कदाचित फळ्यावरच्या अक्षराबद्दल, किंवा मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही याबद्दल. जे सांगेल त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात करायची. एवढं जमलं तरी पुष्कळ.